शकूताईंची निळी दोरी

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा कशाशीच संबंध नाही अशा समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, शकुंतला रामराव घोडके यांच्या मोपेडच्या हँडलला कैक वर्षं बांधलेली, सुमारे दोन हात लांबीची निळी नायलॉनची दोरी आता प्रस्तुत लेखकाच्या ताब्यात आहे. दोरीवर सध्या एकही गाठ नाही. तथापि जागा भरपूर आहे. तरी सर्वांनी आपापली जीभ आपापल्या जबाबदारीवर वापरावी.

निवेदन संपलं. आता सावकाश सांगतो.

शकूताई 'साहाय्य समन्वयक' होत्या. हे त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेलं होतं, पण त्यांना स्वतःला ते उच्चारायचा कंटाळा. "लई लांब नाव हाय," त्या म्हणत, "सांगून होईस्तोवर समोरचा माणूस निघून जातो." काम असं, की ज्यांच्या बुद्धीची वाढ लहानपणीच कुठंतरी अडखळली आणि जी माणसं अंगानं मात्र मोठी झाली, त्यांना जगायला जो आधार लागेल तो जुळवून द्यायचा. एकाला दाखला, दुसऱ्याला दवाखाना, तिसऱ्याला कागदी पिशव्या चिकटवायचं काम आणि चौथ्याच्या बापाला आठवड्यातून एकदा दहा मिनिटं रडून घ्यायला जागा. शहरातल्या छावणी भागापासून दौलताबाद रस्त्यापर्यंत त्यांची अशी चाळीसेक माणसं पसरलेली होती. त्या त्यांना 'केस' म्हणत नसत, 'मुलं' तर मुळीच नाही. "अडतीस वर्षाचा गडी मूल कसा व्हईल? मिशी हाय त्याला."

दिसायला त्या तुराटीसारख्या. उंच, वाळक्या, ताठ. पाचवारी साडी, पदर कमरेला खोचलेला आणि पायांत स्वतःच्या मुलाचे जुने झालेले खेळाचे बूट. गाव अजिंठ्याकडचं, घरची शेती कोरडवाहू. बोलणं तसंच, ओलाव्याचा फार भरवसा नसलेलं. आणि मोपेडच्या हँडलला ही निळी दोरी.

दोरीचा कायदा साधा होता. शकूताईंच्या माणसाचा कुणी अपमान केला की दोरीला एक गाठ. त्यांना स्वतःला कुणी काहीही म्हणावं, त्याला गाठ नाही. पण त्यांच्या माणसाला म्हटलं की तिथल्या तिथं, वाद न घालता, आवाज न चढवता त्या मोपेडपाशी जात, गाठ मारत आणि निघून जात. मग सूड. तो आठवड्यात उगवे किंवा वर्षानं, पण उगवे. सूड झाला की ज्यानं गुन्हा केला त्याच्यासमोर उभं राहून दातांनी ती गाठ सोडायची आणि म्हणायचं, "झालं. आता तुमचं माझं काय नाय." आणि खरोखरच काही नसे. लगेच त्याच्या घरी बसून चहा पीत.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "ताई, त्यापेक्षा माफ का करत नाही?"

"माफी हे देवाचं खातं हाय," त्या म्हणाल्या. "मी समन्वयक. माझ्याकडं ते काम नाय."

माझी स्वतःची गाठ कशी पडली ते सांगायलाच हवं. नाहीतर मी फार सज्जन आहे असा समज व्हायचा.

पडेगावला आमची सोसायटी उभी राहिली तेव्हा समोर ज्वारीचं रान होतं. दोन वर्षांत ज्वारी गेली आणि तिच्या जागी प्लॉट विक्रीच्या पाट्या उगवल्या. शहर आमच्या दिशेनं धावत येत होतं, फक्त पाणी विसरून येत होतं. त्यात दुष्काळाची वर्षं. बोअरमधून नुसती हवा यायची, पालिकेची पाइपलाइन अलीकडच्या चौकात येऊन थांबलेली, आणि तीन इमारती एक दिवसाआड येणाऱ्या टँकरकडे डोळे लावून बसलेल्या. मी बँकेत नोकरीला आणि सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही असा गृहस्थ.

त्याच सुमारास तळमजल्यावरचा सहा नंबरचा फ्लॅट एका संस्थेनं भाड्यानं घेतला. त्यात पाच मोठी माणसं राहायला आली आणि त्यांच्या सोबतीला स्वयंपाकपाणी बघणारे सय्यदचाचा. शकूताई त्यांना सोडायला आल्या होत्या. पाचांतला बंडू पुढं होऊन माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. बुटका, गोल, शर्ट पँटीत नीट खोचलेला.

मी त्याच्या डोक्यावरून शकूताईंना विचारलं, "नाव काय याचं? बोलता येतं का याला?"

"त्यालाच विचारा ना. तोंड हाय त्याला."

"नाही, म्हणजे... कळतं का याला?"

शकूताईंनी माझ्याकडं नीट पाहिलं, जणू माप घेतलं. मग त्या मोपेडकडं गेल्या. मला वाटलं, काहीतरी सामान बांधतायत.

तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी त्या आमच्या घरी आल्या. मी पेपर वाचत बसलो होतो. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, यांना चहा चालतो का?"

"चालतो की," बायको म्हणाली.

"गरम असल्याचं कळतं का यांना? तोंड भाजून नाय ना घेत?"

मी हसलो. मला वाटलं, गंमत आहे. पण शकूताई माझ्याकडं बघतच नव्हत्या. बायकोनं एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. आणि जिच्यावर मी अठरा वर्षं विश्वास टाकला होता ती बाई खुर्ची ओढून ऐसपैस बसली.

"तसं कळतं. पण बशीत सांडतात."

"जेवतात का आपल्या हातानं?"

"जेवतात. वाढून मात्र द्यावं लागतं. समोर मीठ असलं तरी दिसत नाही."

"आंघोळीचं?"

"सुट्टीच्या दिवशी चारदा सांगावं लागतं."

"अहो, मी इथंच बसलोय!" मी ओरडलो.

शकूताई बायकोकडं वळून कौतुकानं म्हणाल्या, "बोलतात की छान!"

हे पाऊण तास चाललं. मी खोलीत असून नव्हतो. त्या पाऊण तासात मला जे कळलं ते दहा व्याख्यानांनी कळलं नसतं. शेवटी त्यांनी मला खाली नेलं, दातांनी गाठ सोडली आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "झालं. बंडूला चहा लई आवडतो. कधी बोलवा." मी त्याच संध्याकाळी बोलावलं. बंडूनं चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी पेपरात तोंड घातलं.

आता बंडूविषयी. त्याला हस्तांदोलनाची हौस होती आणि त्याचे स्वतःचे नियम होते. तो दोन्ही हातांनी तुमचा हात धरणार आणि तुम्ही स्वतःचं नाव सांगून, वर त्याचं नाव घेऊन नमस्कार केल्याशिवाय सोडणार नाही. पूर्ण नाव. बंडू काशिनाथ गव्हाणे. त्याची आई गयाबाई शकूताईंच्याच गावाकडची, सत्तरीची, कमरेत वाकलेली. ती महिन्यातून एकदा एस.टी.नं येई, बंडूची नखं कापे आणि जाताना शकूताईंना एकच विचारी, "माझ्या मागं ह्यो राहणार कुठं?"

दर वेळी तोच प्रश्न. दर वेळी शकूताईंचं तेच उत्तर. "सहा नंबरात. मी हाय."

बंडूच्या दाखल्याचं नूतनीकरण करायला ही गयाबाई एका कचेरीत तीनदा जाऊन आली. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण तिथला तो कारकून आता सुधारलाय. तिसऱ्या खेपेला बंडू टेबलासमोर उभा असताना त्यानं अर्जावर शेरा मारला, 'व्यक्ती समक्ष हजर नाही.' वर म्हातारीला म्हणाला, "आजी, ह्याला कशाला मिरवत फिरता? असला काय, नसला काय." त्या खेपेला शकूताई सोबत होत्या आणि दारात मोपेड होती. गाठ पडली.

पुढच्या सोमवारी शकूताई बंडूला घेऊन गेल्या. मीही रजा टाकून गेलो होतो, कारण असले खेळ फुकटात बघायला मिळत नाहीत.

"साहेब, व्यक्ती समक्ष हजर हाय," शकूताई म्हणाल्या. "बंडू, साहेबांना भेटायचं का तुला?"

बंडूला भेटायचंच होतं. त्यानं साहेबांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि हसत वाट बघू लागला.

"अरे सोड. अहो बाई, सोडायला सांगा याला!"

"त्यालाच सांगा ना. तोंड हाय तुम्हाला."

"सोड रे!"

"असं नाय सोडत तो. आपलं नाव सांगा, त्याचं घ्या, नमस्कार म्हणा. तुमच्या टेबलावर अर्जावर हाय त्याचं नाव. वाचा."

कारकुनाची अब्रू आडवी आली. रांगेतल्या लोकांसमोर तो असल्या माणसाला आपलं नाव सांगणार नव्हता. मग बसले दोघं तसेच, वीस मिनिटं. बंडू अत्यंत प्रेमळपणे त्याच्याकडं बघत होता. रांगेतला एक पागोटेवाला म्हातारा म्हणाला, "सांग की बाबा नाव, चोरी केलीस का?" तेव्हा मात्र कारकून पडेल आवाजात बोलला. "मी दिगंबर. नमस्कार, बंडू काशिनाथ गव्हाणे."

बंडूनं हात सोडला. पहिला शिक्का घाईत उलटा पडला, म्हणून शकूताईंनी दुसरा सुलटा मारून घेतला. वर त्याच्याच अक्षरात 'व्यक्ती समक्ष हजर' असं लिहून घेतलं आणि बाहेर त्याला मुद्दाम बोलावून त्याच्यासमोर गाठ सोडली. तेव्हापासून बंडू दिसला की हा लांबूनच स्वतःचं नाव सांगत येतो.

त्या हिवाळ्यात गयाबाई गेली. आता तो प्रश्न विचारायला कुणी उरलं नव्हतं. म्हणजे शकूताईंचं उत्तर आता नुसतं उत्तर राहिलं नव्हतं, शब्द दिल्यासारखं झालं होतं.

शकूताईंच्या लिहिण्याची एक तऱ्हा होती, ती इथं सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे. प्रत्येक माणसाचं एक आधार-पत्रक असे. आवडी काय, सवयी काय, चिडतो कधी, काय आधार लागेल. नव्यानं कामाला आलेल्या मुलींना त्या बजावत, "बघितलं तेच लिहायचं. 'हट्टी हाय' असं नाय लिहायचं. 'तीनदा सांगितलं, उठला नाय' असं लिहायचं. आपण माणूस लिहितो, शिव्या नाय." एकेका पत्रकासाठी त्या आठवडेच्या आठवडे नुसत्या बघत बसत.

आणि आता आमचे चेअरमन. नरवडे साहेब.

मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आवाज त्याहून मोठा. टाकीजवळ कडुनिंबाखाली त्यांची एक लाल खुर्ची असे, तिथून ते सोसायटी चालवत. त्यांच्या सौभाग्यवती, नरवडे वहिनी, इतक्या गप्प की चार वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

त्या उन्हाळ्यात टँकर तीन दिवसांनी यायला लागला. एका सकाळी रांगेत बंडू आपली हिरवी बादली घेऊन उभा होता. त्याच्यापुढं चारजण, मागं वीस. नरवडे आले, त्यांनी बंडूची कॉलर धरली आणि त्याला रांगेबाहेर ओढलं.

सय्यदचाचा धावले. "अरे साब, लाइन में था वो! सुबह से खड़ा है बेचारा!"

"आधी माणसं भरतील," नरवडे म्हणाले, "मग हे."

रांग गप्प होती. रांगेत मीही होतो. बंडूनं बादली उचलली आणि सगळ्यांच्या शेवटी नेऊन ठेवली. त्याचा नंबर येईपर्यंत टँकर संपला.

दुपारी शकूताई आल्या. सहा नंबरच्या पायरीवर बंडूनं त्यांना विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. "ताई, माझा नंबर माणसांच्या नंतर का?"

शकूताईंनी बंडूचा खोचलेला शर्ट उगाच पुन्हा नीट केला. मग मोपेडपाशी गेल्या आणि ती गाठ मारताना दोरी त्यांच्या बोटात रुतलेली मी पाहिली.

महिन्याभरात नरवडेंनी तक्रारअर्ज फिरवला. समोरचा रस्ता रुंद होतोय, फ्लॅटचे भाव चढतायत, अशात दारात हे असलं नको, बायाबापड्या घाबरतात, इत्यादी. चाळीसपैकी एकतीस जणांनी सह्या केल्या. मी? मी सेक्रेटरी. सांगितलं ना, नाही म्हणता येत नाही. माझी सही सतरावी होती. सभेत ठराव झाला असता तर महिनाअखेर सहा नंबर रिकामा करावा लागणार होता. आणि त्या पाचांना पुढं कुठंच जागा नव्हती. चार ठिकाणी शकूताई विचारून आल्या होत्या. बंडूचं गावचं घर चुलत्यांनी केव्हाच बळकावलं होतं.

मी शकूताईंना तोंड दाखवायला घाबरत होतो. त्या स्वतःच आल्या. "तुमची पण गाठ पडलीय," म्हणाल्या. "पण तुमची सोडायला सोपी हाय. नरवडे सभेत आमच्या फायली वाचून दाखवा म्हणतायत ना? तसं त्यांच्या सहीनं लेखी घ्या."

"ताई, फायली चारचौघांत वाचणार तुम्ही?"

"नाव नाय वाचणार," त्या म्हणाल्या आणि मोपेडला किक मारली.

दुसऱ्याच दिवशी मी ते लेखी आणून दिलं आणि त्यांनी माझी गाठ सोडली. त्यानंतर दीड महिना शकूताई रोज दुपारचा डबा खायला आमच्या कडुनिंबाखाली येऊन बसायच्या. डबा अर्ध्या तासात संपायचा, त्या बसायच्या दोन तास. मला वाटायचं, थकल्या बिचाऱ्या.

सभेकडं वळण्याआधी त्यांचं शेवटचं दर्शन सांगून टाकतो. मागच्या आठवड्यात त्या निवृत्त झाल्या. गावी परत निघाल्या तेव्हा सामान टेंपोत चढलं होतं आणि मोपेड संस्थेतल्या नव्या मुलीला दिली होती. हँडलची दोरी सोडून त्यांनी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "ताई, मला हे जमणार नाही. मी भित्रा माणूस." त्या म्हणाल्या, "भित्र्याची गाठ पक्की बसते. हात थरथरतो ना, दोनदा मारतो तो." टेंपोत ड्रायव्हरशेजारी ताठ बसून गेल्या. मागं वळून पाहिलं नाही. पायांत तेच बूट. दोरी सरळ होती, पण जिथं जिथं गाठी पडून सुटल्या होत्या तिथं तिथं तिला बारीक वाक राहिलेत. चाचपले की अजून लागतात.

आता सभा. मुद्दाम मागं ठेवली होती.

रविवार, सकाळचे दहा, पार्किंगमध्ये सतरंज्या. नरवडे साहेबांनी आपली लाल खुर्ची उचलून आणवली होती. मागच्या ओळीत बायका शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांत नरवडे वहिनी. बंडू आणि त्याचे सोबती पायरीवर. सहा नंबरात पाच माणसं होती. शकूताईंच्या पिशवीतून फायली निघाल्या सहा. ते कुणी मोजलं नाही.

"सगळ्यात अवघड माणसाची आधी वाचा," नरवडे म्हणाले. "कळू दे लोकांना, आपण कुणासोबत राहतोय!"

"व्हय साहेब. तीच वर काढलीय." शकूताईंनी चष्मा चढवला. "पुरुष. वय साठीच्या पुढं. आवडी: एक ठरलेली खुर्ची. तीत दुसरं कुणी बसलं, तर ही व्यक्ती समोर येऊन उभी राहते. बोलत नाय. तो उठेपर्यंत खाकरते."

"बघा!" नरवडे म्हणाले.

"सवयी: पाण्याच्या टाकीला कुलूप लावते. चार पावलं जाते. परत येते. कुलूप ओढून बघते. असं सात वेळा. मोजलंय."

दोन नंबरच्या कुलकर्णींनी खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडाशी धरला. त्यांच्या शेजारचे देशमुख अचानक छताकडं बघायला लागले.

"चिडचिड: टँकरला उशीर झाला की फोन कानाला लावून मोठ्यानं अधिकाऱ्यांना झापते. त्यातल्या दोन वेळा फोन बंद होता."

"ऐका! बंद फोनवर बोलतो!" नरवडे लोकांकडं वळले. "आणि आपल्या घरांत लेकीबाळी आहेत!"

आता शेंगांचा आवाज थांबला होता. सगळ्या सभेला कळलं होतं, लाल खुर्चीला सोडून. सभेतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. दोन महिन्यांपूर्वी रांगेत आम्ही असेच गप्प होतो, पण हे गप्प बसणं वेगळं होतं, याची मजा येत होती. मी वही घट्ट धरून बसलो.

"वागणूक," शकूताई तशाच सपाट आवाजात वाचत होत्या. "आपल्यापेक्षा दुबळ्याची कॉलर धरून रांगेबाहेर ओढलं. पाहणारे हजर होते. टँकरवाला ओरडला तेव्हा मात्र हसून 'तुमचंच बरोबर आहे' म्हणाली. घरात स्वतःचं ताट उचलत नाय." त्यांनी पान उलटलं. "आता काय आधार लागेल, तो रकाना..."

"आधार-बिधार काही नाही!" नरवडे खुर्चीतून उठले. कान लाल, बोट हवेत. "आज कॉलर धरली, उद्या गळा धरील! असल्या माणसाला एक दिवससुद्धा या सोसायटीत ठेवायचं नाही! ठराव लिहा, सेक्रेटरी. एकमतानं लिहा!"

शकूताईंनी फाईल मिटली. पदराखालून दोरी काढली, हँडलची सोडूनच आणली होती, आणि नरवडेंच्या समोर उभं राहून त्या गाठीला दात लावला. गाठ फार घट्ट बसली होती. सुटायला वेळ लागला.

सोसायटीच्या वहीत त्या दिवसाचा ठराव नाही. बंडू काशिनाथ गव्हाणे सहा नंबरातच राहतो आणि टँकरच्या रांगेत जिथं उभा राहतो तिथून त्याला कुणी हलवत नाही. ठरावाच्या जागी मी, या भित्र्या हातानं, सभेत त्या क्षणी मागच्या ओळीतून, शेंगांचं सूप मांडीवर घेतलेल्या नरवडे वहिनींच्या तोंडून निसटलेलं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलंय:

"अहो, मग तुम्ही राहणार कुठं?"